भयपट, कल्ट, आर्टहाऊस: आपण नेमकं कशावर वाद घालतो?

1981 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात इझाबेल अज्यानीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. ते ज्या दोन चित्रपटांसाठी मिळालं त्यांतला एक होता पोलिश दिग्दर्शक आंद्झेई झुवावस्की यांचा 'पझेशन'. त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्रिटनमध्ये व्हिडिओ कॅसेटींवरून मोठं वादळ उठलं. पोलीस दुकानांमधून कॅसेटी उचलू लागले, आणि कोणत्या कॅसेटींवर खटला भरता येईल याची एक सरकारी यादी तयार झाली. त्या यादीतही 'पझेशन' होता. 1983 मध्ये तो अमेरिकेत पोचला तेव्हा वितरकाने जवळपास 40 मिनिटं कापून टाकली आणि उरलेला चित्रपट राक्षसपट म्हणून विकला.

म्हणजे एका देशात कलाकृती, दुसऱ्यात गुन्ह्याचा पुरावा आणि तिसऱ्यात स्वस्त करमणूक. आज त्याच चित्रपटाचे चाहते त्यातला भुयारी रेल्वेच्या स्थानकातला प्रसंग तोंडपाठ असल्यासारखा सांगतात. मग हा भयपट म्हणायचा, आर्टहाऊस म्हणायचा की कल्ट?

तिन्ही म्हणायला काहीच हरकत नाही, कारण हे तीन शब्द एकाच प्रश्नाची तीन उत्तरं नाहीत. चित्रपट तुमचं काय करतो हे 'भयपट' हा शब्द सांगतो. चित्रपट गोष्ट कशी सांगतो (किंवा सांगायचं नाकारतो) ते 'आर्टहाऊस' सांगतो. आणि प्रेक्षकांनी त्या चित्रपटाचं पुढे काय केलं, हे 'कल्ट' सांगतो. एखाद्या माणसाचं वजन, त्याची मातृभाषा आणि त्याचे मित्र, इतक्या या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. तरीही चाहते भांडतात तेव्हा बहुतेक वेळा एक जण वजनाबद्दल बोलत असतो आणि दुसरा भाषेबद्दल.

सुरुवात भयपटापासून करू, कारण तिथे साक्ष शरीर देतं.

विनोदी चित्रपट आणि भयपट यांचं एक नातं आहे. दोघांचीही परीक्षा अंगावर होते. हसू आलं की नाही आणि काटा आला की नाही, यात युक्तिवादाला जागाच नसते. 'खरंतर हा प्रसंग फार भीतिदायक आहे, तुला कळलं नाही' असं कोणी म्हणालं तर ते वाक्य निरर्थक आहे. तू घाबरलास, मी नाही घाबरले, एवढंच खरं. म्हणून भयपटांवरची मतं इतर चित्रपटांपेक्षा जास्त टोकाची असतात. पण इथे थांबलो तर हाती काहीच लागत नाही, कारण 'घाबरणं' ही एकच गोष्ट नाही. निदान तीन वेगवेगळ्या भावना आपण या एका शब्दात कोंबतो.

पहिली म्हणजे दचकणं. 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चालली आहे. मागून पावलं ऐकू येतात, मग ती थांबतात. आता झडप पडणार असं वाटतं, तोच कानाशी फुत्कार येतो आणि चौकटीत घुसते एक साधी बस. तो आवाज तिच्या ब्रेकचा असतो. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून पुढे या युक्तीलाच 'ल्यूटन बस' म्हणू लागले. आज आपण ज्याला जंप स्केअर म्हणतो त्याची ही आजी. दचकणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मोठा आवाज अचानक आला की अंग आक्रसतं, समोरचा चित्रपट चांगला असो वा वाईट. म्हणूनच जंप स्केअरला 'स्वस्त' म्हणण्याची पद्धत पडली असावी. मला ते पूर्ण पटत नाही. बस येण्याआधीची ती शांतता, थांबलेली पावलं, दिव्याच्या एका उजेडातून दुसऱ्या उजेडाकडे जाणारी ती बाई, हे सगळं जमल्याशिवाय तो फुत्कार चालत नाही. स्वस्त असतो तो नुसता आवाज. बांधून आणलेला क्षण स्वस्त नसतो.

दुसरी भावना म्हणजे टांगणी. रहस्यपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक त्रूफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध मुलाखतीत ती बॉम्बच्या उदाहरणाने समजावली आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे आपल्याला ठाऊकच नसेल तर तो फुटल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब आपल्याला आधी दाखवला आणि पात्रं मात्र निवांत गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटं आपला जीव टांगणीला लागतो. गप्पा त्याच, बॉम्ब तोच. फरक फक्त कोणाला काय माहीत आहे याचा.

तिसरी सगळ्यात अवघड. किळस, अस्वस्थता, काहीतरी मुळातच चुकतंय अशी जाणीव. तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी भयपटांवर विचार करताना एक नेमकं निरीक्षण नोंदवलं आहे. भयपटातला राक्षस नुसता धोकादायक नसतो, तो आपल्या मनातल्या खणांमध्ये बसत नाही. मेलेला पण चालणारा. माणूस पण लांडगा. आत आणि बाहेर, जिवंत आणि निर्जीव, या भिंती तो मोडतो. नुसता वाघ समोर आला तर भीती वाटते, पण शिसारी येत नाही. चालणाऱ्या प्रेताने दोन्ही होतं.

आता हे तीन वेगळे करून पाहिलं की कितीतरी भांडणं विरून जातात. 'त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही' म्हणणारा बहुधा दचकायला गेलेला असतो. 'गेला आठवडाभर डोक्यातून जात नाही' म्हणणारीला तिसरी भावना भेटलेली असते. दोघांनी तोच चित्रपट पाहिला आणि दोघं खरंच बोलत आहेत.

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची एक संस्था चित्रपट लागल्याच्या पहिल्या रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते, शाळेतल्यासारखी, ए पासून एफ पर्यंत. 2018 च्या 'हेरेडिटरी'ला तिथे डी प्लस मिळाला. समीक्षकांनी मात्र त्याला त्या वर्षीच्या उत्तम चित्रपटांत बसवलं होतं. आदल्या वर्षीच्या 'मदर!'ला तर थेट एफ. यावरून प्रेक्षक मूर्ख किंवा समीक्षक ढोंगी असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. पण ती श्रेणी मोजते काय ते पाहा. पहिल्या रात्री तिकीट काढून आलेल्या माणसाला जाहिरातीने जे कबूल केलं होतं ते मिळालं का, हे ती मोजते. घराण्याच्या दुःखावरचा संथ, घुसमटवणारा चित्रपट भूतपटाच्या जाहिरातीवर विकला तर त्या रात्रीची श्रेणी खालीच येणार. राग फसवणुकीचा असतो, आणि तो रास्त आहे. चित्रपटाच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध थोडा.

अपेक्षा किती मोठं काम करते याचं आणखी जुनं उदाहरण म्हणजे जॉर्ज रोमेरो यांचा 1968 चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. अमेरिकेत वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. हा चित्रपट ऑक्टोबरमध्येच लागला होता. त्यामुळे दुपारच्या खेळांना लहान मुलं सहज आत गेली, नेहमीचा मजेशीर भुताखेतांचा चित्रपट असेल म्हणून. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी अशा एका खेळाचं वर्णन लिहून ठेवलं आहे: आधी आरडाओरडा आणि मजा, मग हळूहळू पसरत गेलेली शांतता, शेवटी रडणारी मुलं. त्या मुलांना ना दचकवलं होतं ना टांगणीला लावलं होतं. चांगली माणसं शेवटी वाचतात हा भरवसा त्यांच्याकडून काढून घेतला होता. आणि दोनच वर्षांनी तोच चित्रपट न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दाखवला गेला.

इथे आपण आर्टहाऊसच्या दारात येऊन पोचतो. या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे. आर्टहाऊस हे चित्रपटाच्या प्रकाराचं नाव नव्हतं, ते थिएटरचं नाव होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लहान थिएटरांची पंचाईत झाली. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या स्टुडिओंची थिएटरांवरची मालकी सुटू लागली, स्टुडिओ कमी चित्रपट काढू लागले, आणि घराघरांत टीव्ही आला. पडदा रिकामा ठेवून तर चालत नाही. मग या थिएटरांनी इटली, फ्रान्स, स्वीडन, जपानचे चित्रपट लावायला सुरुवात केली. प्रेक्षक आले ते काही फक्त कलेच्या ओढीने नाही. परदेशी चित्रपटांत हॉलिवूडला मुभा नव्हती असं बरंच काही दिसायचं आणि जाहिराती त्यावर भर द्यायच्या. सनसनाटी आणि कला ही दोन भावंडं सुरुवातीपासून एकाच छताखाली वाढली आहेत, हे आज सोयीस्करपणे विसरलं जातं.

नंतर हळूहळू त्या थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांच्या घडणीलाच ते नाव चिकटलं. ही घडण ओळखायची कशी? नेहमीच्या चित्रपटात प्रत्येक प्रसंग पुढच्या प्रसंगाला ढकलतो: नायकाला काहीतरी हवं आहे, आडकाठी येते, शेवटी सुटका किंवा पराभव. आर्टहाऊसमध्ये ही साखळी सैल असते. घटना घडतात, पण एकीमुळे दुसरी घडतेच असं नाही. पात्रांना स्वतःलाच काय हवं ते ठाऊक नसतं. आणि जिथे खुलासा अपेक्षित असतो तिथे दिग्दर्शक गप्प बसतो. मिकेलांजेलो आंतोनिओनी यांच्या 1960 च्या 'लावेंतुरा'मध्ये एक तरुणी बेटावरून नाहीशी होते. तिचा शोध सुरू होतो, आणि मग शोधणारेच हळूहळू तिला विसरू लागतात. ती कुठे गेली ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. कानच्या पहिल्या खेळाला लोकांनी आरोळ्या ठोकून हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी काही दिग्दर्शक आणि समीक्षकांनी सही करून पाठिंब्याचं पत्रक काढलं, महोत्सवात परीक्षकांचं पारितोषिक मिळालं, आणि दोन वर्षांनी 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने आजवरचे सर्वोत्तम चित्रपट कोणते यावर जगभरातल्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा तो दुसऱ्या क्रमांकावर होता. चित्रपटात एक फ्रेमही बदलली नव्हती. तो कसा पाहायचा ते लोकांना दोन वर्षांत उमगलं होतं.

'काहीच घडत नाही' ही आर्टहाऊसवरची नेहमीची तक्रार. मी ती स्वतः केली आहे. शांताल आकेरमान यांचा 'झान डीलमन' (1975) पहिल्यांदा लावला तेव्हा तासाभरात बंद केला होता. तीन तास एकवीस मिनिटं, ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, स्वयंपाक, भांडी, अंथरुणं, आणि रोज दुपारी पैसे देऊन येणारा एक पुरुष. कॅमेरा हलत नाही. बटाटे सोलायला जितका वेळ लागतो तितका वेळ आपणही बटाटे सोलणं पाहतो. काही महिन्यांनी एका मैत्रिणीने मला एकच गोष्ट सांगितली: 'दुसऱ्या दिवशीचे बटाटे बघ.' तेवढ्यासाठी पुन्हा बसले. पहिल्या दिवशी प्रत्येक हालचाल घड्याळासारखी चालते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बटाटे जास्त शिजतात, आणि ती भांडं हातात घेऊन काय करावं न कळून या खोलीतून त्या खोलीत जाते. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. कोणत्याही भुताने मला इतकं घाबरवलं नव्हतं.

ही टांगणीच आहे. हिचकॉकचा बॉम्ब टेबलाखाली ठेवलेला आहे, फक्त आकेरमान यांनी तो आपल्याला दाखवला नाही. त्यांनी आपल्याला आधी टेबल पाठ करायला लावलं. तासभर नीटनेटकेपणा पाहिल्याशिवाय तो बिघडल्याचं कळणार नाही, म्हणून तो तासभर लागतोच. ज्याला भयपट मनापासून आवडतात तो संथ चित्रपट पाहायला लवकर शिकतो असं मला वाटतं, कारण रिकाम्या चौकटीकडे रोखून पाहत बसायची सवय त्याला आधीपासून असते. त्या दाराच्या मागे काही आहे का? आर्टहाऊसही हेच विचारतं, फक्त दार उघडत नाही. 2022 मध्ये 'साइट अँड साउंड'च्या कौलात 'झान डीलमन' पहिला आला. दहा वर्षांपूर्वी तो 36 व्या क्रमांकावर होता.

आता कल्ट. चित्रपटकाराच्या हातात सर्वांत कमी असलेली गोष्ट ही. कोणी ठरवून कल्ट चित्रपट काढू शकत नाही, कारण कल्ट म्हणजे प्रेक्षकांचं वागणं. पुन्हा पुन्हा पाहणं, संवाद पाठ करणं, इतरांना पकडून दाखवणं, त्याच्याभोवती एक टोळी जमणं. त्यासाठी चित्रपट आधी पडलाच पाहिजे असं नाही, पण पडलेल्या चित्रपटांचा भरणा जास्त आहे. आपला म्हणावा असा चित्रपट शक्यतो साऱ्या जगाचा नसावा लागतो.

1970 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरने 'एल टोपो' हा चित्रपट मध्यरात्री लावायला सुरुवात केली. थिएटर चालवणारे बेन बॅरनहोल्ट्झ यांची ही कल्पना. मोठी जाहिरात नाही, समीक्षकांची वाट पाहणं नाही. रात्री बाराला जो येतो तो काहीतरी विचित्र पाहायच्या तयारीनेच येतो, आणि सकाळी चार मित्रांना सांगतो. तो खेळ महिनोन्महिने चालला. 'रॉकी हॉरर पिक्चर शो' 1975 मध्ये नेहमीच्या वेळी लावला तेव्हा साफ पडला होता. 1 एप्रिल 1976 पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरमध्ये तो मध्यरात्री दाखवू लागले. लोक पात्रांसारखे कपडे घालून यायला लागले, पडद्यावरच्या वाक्यांना उत्तरं द्यायला लागले, लग्नाच्या दृश्यात तांदूळ फेकायला लागले. पडद्यावर पाऊस आला की डोक्यावर वर्तमानपत्र. चित्रपट तोच राहिला, पण 'पाहणं' या क्रियापदाचा अर्थ बदलला.

इटालियन लेखक आणि विचारवंत उंबेर्तो एको यांनी या वेडाचं फार चांगलं कारण सांगितलं आहे. ज्याचे तुकडे करता येतात तो चित्रपट कल्ट होतो. निर्दोष, एकसंध कलाकृतीपुढे आपण हात जोडतो. ओबडधोबड, सांधे दिसणाऱ्या चित्रपटातला मात्र एखादा प्रसंग, एखादं वाक्य, एखादा विचित्र टोप आपण उचलून घरी नेऊ शकतो. चाहत्यांच्या गप्पा ऐकल्या की हे लगेच जाणवतं. ते कथानक सांगत नाहीत, तुकडे सांगतात.

कधी कधी निव्वळ चूकही कामाला येते. रोमेरोंच्या त्या चित्रपटाचं नाव वितरकाने शेवटच्या घटकेला बदललं. नवी शीर्षकपाटी लावताना कॉपीराइटची सूचना तिच्यावर घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती सूचना नसली की हक्क जायचा. चित्रपट सार्वजनिक झाला, निर्मात्यांचं मोठं नुकसान झालं, पण कुठलीही टीव्ही वाहिनी आणि कुठलाही कॅसेटवाला तो फुकट दाखवू शकत होता. आज पडद्यावर जिथे तिथे दिसणारं, माणसं खाणारं, टोळीने चालणारं प्रेत त्या एका राहून गेलेल्या ओळीमुळे इतकं दूर पोचलं.

आणि काळही लागतो. जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' 25 जून 1982 ला लागला. दोनच आठवडे आधी 'ई. टी.' लागला होता. प्रेमळ परग्रहवासीयासाठी डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांपुढे माणसांच्या शरीरात शिरून त्यांची नक्कल करणारा जीव आला. समीक्षकांनी किळसवाणा म्हणून झोडपला, गल्ला जमला नाही. मग कॅसेटी आल्या. घरी थांबवून, मागे नेऊन पाहता येऊ लागलं, आणि कोण माणूस आणि कोण नक्कल यावर चाहते आजतागायत चर्चा करत आहेत. ती चर्चा थिएटरमध्ये एकदाच पाहून होणं शक्यच नव्हतं. एक सांगायचा मोह आवरत नाही: 'ई. टी.'चं बाहुलं घडवणारे कार्लो राम्बाल्दी यांनीच त्याच्या आदल्या वर्षी 'पझेशन'मधला तो चिकट, अर्धवट घडलेला राक्षस घडवला होता.

गेल्या दहाएक वर्षांत एक नवी पाटी आली आहे, 'एलिव्हेटेड हॉरर', म्हणजे वरच्या दर्जाचा भयपट. भयपटांचे जुने चाहते या शब्दावर चिडतात आणि मी त्यांच्या बाजूची आहे. संथ लय, दुःखाचा विषय, देखणं छायाचित्रण असलं की तो 'नुसता भयपट नाही' असं म्हणायचं, म्हणजे बाकीचे सगळे नुसते. पण कुंपणावर बसलेले चित्रपट नवे नाहीत. झॉर्झ फ्रांज्यू हे फ्रेंच चित्रपट संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी 1960 मध्ये 'आइज विदाउट अ फेस' केला: मुलीच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्यासाठी इतर मुलींचे चेहरे काढणारा शल्यविशारद. कवितेसारखा हळुवार आणि त्याच वेळी पाहवत नाही असा. 1962 मध्ये अमेरिकेत तो इंग्रजीत डब करून, कापून, वेगळ्याच भडक नावाने एका राक्षसपटाच्या जोडीला लावला. ज्यांनी तो तसा पाहिला त्यांना तो भडक वाटला असेल तर त्यांची चूक नाही.

म्हणूनच एखाद्याचं मत माझ्याशी जुळलं नाही की मी आता आधी विचारते: कोणती प्रत पाहिलीस? डब केलेली की मूळ भाषेतली? कापलेली की पूर्ण? आवाज कसा होता? भयपटाचं निम्मं काम कान करतात, फोनच्या छोट्या स्पीकरवर ल्यूटनची ती बस कधीच येत नाही. काय समजून पाहायला बसलास? कितव्यांदा? शेवट मात्र मी विचारत नाही आणि सांगतही नाही. दचकवणाऱ्या चित्रपटाचा शेवट आधी कळला तर निदान दचकणं तरी उरतं. टांगणीला लावणाऱ्याचा कळला तर काहीच उरत नाही.

'पझेशन'वर माझं एका जुन्या मित्राशी लांबलचक भांडण झालं होतं. तो म्हणायचा, अर्थहीन आरडाओरडा, पात्रं का ओरडतात तेच कळत नाही. मी म्हणायचे, मोडणारं लग्न आतून असंच ऐकू येतं. झुवावस्की यांनी तो स्वतःच्या मोडलेल्या संसारानंतर लिहिला आणि पश्चिम बर्लिनमध्ये भिंतीला लागून चित्रित केला. दोन भागांत चिरलेलं शहर, दोन भागांत चिरलेलं घर. तो मानेना. मग एकदा सहज विचारलं तेव्हा कळलं की त्याने पाहिली होती ती अमेरिकेतली, सुमारे 81 मिनिटांची प्रत. मी पाहिली होती दोन तासांहून जास्त लांबीची. भुयारातला प्रसंग दोघांनीही पाहिला होता, पण त्याच्याआधी अज्यानीने रंगवलेली ती बायको तिथवर कशी पोचली, ते त्याच्या प्रतीत नव्हतंच.